यंदा आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमकडून किती अपेक्षा ठेवायची? इंटरकॉलेजच्या आधी अंदाज सांगा

रिबाउंडवाला_यवतमाळ

राम राम मंडळी. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, अन् आमच्याकडं दरवर्षीसारखी चर्चा सुरू झाली का यंदा इंटरकॉलेजले आपली बास्केटबॉलची टीम कुठवर जाईन. कॉलेजचं नाव नाही सांगत, उगाच कोणी चिडते, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे एवढं समजून घ्या. मी दोन वर्षं पॉइंट गार्ड खेळलो, आता पास आऊट होऊन घरचं दुकान पाहतो, पण सकाळी साडेपाचले कोर्टावर जातोच, सवय सुटत नाही.

आपला इतिहास काही लय मोठा नाही. दोन सालाआधी पहिल्याच मॅचमध्ये घरी. मागच्या साली पहिला राउंड काढला अन् दुसऱ्यात चार पॉइंटनं गेलो, थे बी कसं तर शेवटच्या दोन मिनिटात आम्हाले फ्री थ्रोवर फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलचे मोकळे शॉट) भेटत गेले अन् एकेक पुढल्या काठाले लागून परत येत गेला, मी पाच फाउल होऊन बाहेर बसलेलो, नखं खाऊन टाकली.

यंदा आशा काहून लागली ते सांगतो. बीए फर्स्ट इयरले एक पोट्टा आला, ६ फूट २ इंच, आधी हॉलीबॉल खेळत होता, सरांनं धरून आणला. पहिल्याच हप्त्यात त्यानं पळत येऊन उडी मारली अन् रिंगले हात लावला. कोर्टावर जेवढे होतो तेवढे सगळे चूप. आमच्या कॉलेजच्या रिंगले हात लावणारा माणूस मी तरी पाह्यला नव्हता. तवापासून गावातले पोट्टे त्याले सतनाम म्हणून राह्यले (थो पंजाबातल्या बल्लो के नावाच्या खेड्यातला सतनाम सिंग भामरा, २०१५ ले अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या टीमा नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये डॅलसनं ५२व्या नंबरवर घेतला होता थो, अर्थात थो ७ फूट २ इंच होता, एक फुटाचा फरक आहे पण गावाले कोण समजवते). दुसरं म्हणजे आमचा सात नंबरच्या जर्सीवाला सध्या थ्री पॉइंटर असे टाकून राह्यला का दहातले सहा-सात आत. अन् तिसरं, मागच्या साली उन्हाळ्यात काँक्रीटचं कोर्ट झालं, आधी नुसत्या भेगा अन् गवत होतं, आता पावसात बी अर्ध्या घंट्यात वाळते, शेवाळ धरत नाही.

यादीत १२ नावं आहेत, सकाळी सात-आठ जणच येतात. ड्रॉ नाही आला अजून पण दसऱ्याच्या मागंपुढं मॅचेस असतात. मी म्हणतो यंदा सेमीफायनल पक्की. दोस्त म्हणते तू येडा झाला. तुम्ही सांगा, बाहेरच्या माणसाले कसं वाटते?


कबड्डीच_बरी

भाऊ ज्या गावात घरटी एक रेडर हाये तिथं तुम्ही बास्केटबॉलचा अंदाज इचारून राह्यले. १९३६ ले बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वक्ती आपल्या अमरावतीच्या व्यायाम मंडळाच्या पोट्ट्याइनं कबड्डी दाखोली होती, बास्केटबॉल नाही दाखोला. थ्या सहा फुट्याले मॅटवर पाठवा, कव्हरले खेयते का पाहा. बाकी तुमचा अंदाज चूक, दुसऱ्या राउंडले घरी.


जुना_१३_नंबर

कबड्डीवाल्या भाऊ, त्याच बर्लिनमध्ये त्याच साली बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं बरं का. अन् फायनल झाली उघड्यावर, मातीच्या कोर्टावर, भर पावसात. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ नं हरवलं. अख्ख्या मॅचचा स्कोअर १९-८, कारण चिखलात बॉल टप्पाच घेईना. म्हणजे बास्केटबॉलची ऑलिम्पिकची सुरुवात आपल्या तालुक्याच्या कोर्टासारख्याच कोर्टावर झाली, तेव्हा नावं ठेवू नका.

आता मूळ प्रश्न. मी अमरावती विद्यापीठाकडूनच खेळलेला आहे, फार जुनी गोष्ट, तेव्हा जर्सीचे नंबर ४ पासून १५ पर्यंतच असायचे, कारण रेफरी एक-दोन-तीन बोटं पॉइंटसाठी दाखवतो, गोंधळ नको म्हणून ते नंबर कोणाला देतच नव्हते. आता ० पासून ९९ पर्यंत काहीही चालते. माझा १३ होता, घरचे म्हणायचे अपशकुनी आहे, पण कलर, म्हणजे विद्यापीठाच्या टीममध्ये खेळल्याचा मान, मिळाला मला त्याच नंबरवर. असो.

रिबाउंडवाले, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. सेमीफायनल वगैरे नंतर बोलू. आधी मला तीन गोष्टी सांगा.

काँक्रीट जुनं कोर्ट खोदून टाकलं का जुन्याच्या वरून थर दिला? आणि खांब नवे रोवले का तेच आहेत?

तुमच्या कोर्टावर रिंगखाली जो रंगवलेला भाग आहे तो सरळ चौकोनी आहे का खाली पसरत गेलेला?

आणि मागच्या वर्षी ते फ्री थ्रो सगळेच पुढच्या काठाला लागले म्हणता, का एखाद-दुसरा?

मी काय विचारतो आहे ते तुम्हाला बहुतेक कळलं असेल. नसेल कळलं तर टेप घेऊन कोर्टावर जा.


कास्तकाराचा_पोरगा

रिंग राहू द्या हो, म्या सांगतो अंदाज कसा काढाचा. थ्या लंब्या पोट्ट्याच्या बापानं सोयाबीन पेरलं का? पेरलं असन तं कोनतं पेरलं अन् कव्हा पेरलं? बस एवढं सांगा, टीम कुठवर जाईन थे म्या आत्ता सांगतो.

हासू नोका. आमच्या कालेजात दोन साल म्या पायलं. पोया होये तवर बारा पोट्टे, गनपतीत नऊ, अन् सोंगनी लागली का पाच, त्यातला बी एक मोबाईल पाहात बसलेला. पोट्ट्याइची चूक नाही. मजूर भेटत नाही, भेटला तं एकरी भाव ऐकून बापाच्या डोयात पानी येते, अन् वरून पावसाचं वातावरन झालं का मंग घरातला झाडून सारा मानूस वावरात. तुमच्या सतनामले बाप म्हनन का बाबू तू जाय रिंगले हात लाव, गंजी आम्ही झाकतो? कायले म्हनन?

आता हिसाब पाहा. यंदा आमच्या भागात मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरन्या झाल्या. २५ जूनले पेरलं धरा. ३३५ वानाचं असन तं पंचान्नव-शंभर दिवस, मंजे ३-४ ऑक्टोबरले सोंगनी, त्याच्यावर चार-सहा दिवस वायनं अन् थ्रेशर. मंजे दसऱ्याच्या मॅचेस सरळ सरळ थ्रेशरवर. ९३०५ असन तं नव्वद दिवसात उरकते, सप्टेंबरच्या शेवटच्या हप्त्यात मोकया, अन् मंग पोट्टा भेटते तुमाले. म्हून म्हनतो, टीमचा अंदाज कराचा असन तं पोट्ट्याची उंची नोका मोजू, बॅगवरचं बियान्याचं नाव वाचा.


टेबलवरचा_माणूस

कास्तकाराच्या पोराने मनातलं बोलून टाकलं 😄 मी दहा-बारा वर्षं इंटरकॉलेजच्या मॅचेसना टेबलवर बसतोय, स्कोअरशीट लिहितो, तालुक्याच्या टीमची शीट पाहिली की लगेच कळतं. १२ नावं लिहायला दिलेली असतात, मॅचच्या दिवशी आठ येतात. आणि नॉकआऊट असेल तर कधी कधी सकाळी एक मॅच आणि संध्याकाळी दुसरी. सकाळची जिंकतात, संध्याकाळी पायच उचलत नाहीत. १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर ऐकायला कमी वाटतात पण घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं, मैदानावर सव्वा-दीड तास जातोच. एसटीने रात्री येऊन हॉलमध्ये सतरंजीवर झोपलेली पोरं दुसऱ्या मॅचला काय पळणार.

६ फूट २ इंचाच्या पोराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. उंच पोरगा नवा असला की तो प्रत्येक शॉटवर उडी मारतो, कारण आजवर उडी मारली की सगळे वा वा म्हणाले. हॉलीबॉलमधून आला म्हणता, मग तर ब्लॉकची सवय हाडात मुरलेली असणार. पण हॉलीबॉलमध्ये मधे जाळी असते, समोरच्याच्या अंगाला हात लागत नाही. इथे समोरचा हुशार गार्ड त्याला नुसता पंप फेक देतो, म्हणजे शॉट मारल्यासारखं करतो, हा हवेत जातो, तो खालून अंगावर येतो, शिट्टी. एक फाउल. असं पहिल्या क्वार्टरमध्ये दोनदा झालं की कोच त्याला बाहेर काढतो, मग तुमचा सतनाम बाटल्या भरत बसतो. पाच फाउल झाले की मॅचच संपली त्याच्यासाठी. त्याला आत्तापासून एवढंच शिकवा की पाय जमिनीवर ठेवून हात वर करून उभा राहा. ६ फूट २ इंचाचा माणूस नुसता हात वर करून उभा राहिला तरी आपल्याकडच्या निम्म्या पोरांना समोरची रिंग दिसत नाही.

आणि फ्री थ्रो. हा विषय निघाला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. एका क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचे चार फाउल भरले की पाचव्यापासून पुढे प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो. शेवटच्या क्वार्टरला हे हमखास होतं, दोन्ही बाजूंनी. म्हणजे जवळची मॅच शेवटी फ्री थ्रोवरच येते, आणि फ्री थ्रोच्या सरावाला कोणाला वेळ नाही, सगळ्यांना थ्री मारायचे असतात कारण थ्री गेला की टाळ्या. ४.६० मीटरवरून, समोर कोणी नाही, पाच सेकंद तुमची, आणि तरी हुकतात. सरावात फ्री थ्रो नेहमी ताज्या अंगाने मारतात, तिथेच चुकतं. कोर्टच्या दोन चकरा पळून या, धापा टाकत लाईनवर उभे राहा, दोन मारा, परत पळा. मॅचमध्ये तसंच मारायचं असतं.

अंदाज विचाराल तर पहिला राउंड काढाल. पुढचं ड्रॉवर. अमरावतीच्या व्यायाम मंडळाची पोरं समोर आली तर काय सांगू, ती संस्थाच १९१४ ची, तिथली पोरं बारा महिने मैदानावर असतात, त्यांच्याकडे सोंगणीची सुट्टी नाही.


रिबाउंडवाला_यवतमाळ

बाप्पा बाप्पा बाप्पा.

१३ नंबरवाले दादा, तुमचा मेसेज वाचला तेव्हाच पोटात गोळा आला. काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो, सात नंबरले अन् त्या लंब्याले घेऊन गेलो, दुकानातला स्टूल नेला. जमिनीपासून रिंगच्या वरच्या काठापर्यंत मोजलं. ९ फूट ९ इंच. म्हटलं टेप हेकोडी लागली असन, दुसऱ्या बाजूची मोजली, थे बी ९ फूट ९ इंच. पायजे किती, १० फूट, ३.०५ मीटर. पूर्ण तीन इंच कमी.

काँक्रीट जुन्याच्या वरूनच टाकलं होतं, तीन इंचाचा थर. खांब तेच. कोर्ट वर आलं, रिंग जिथल्या तिथं राह्यली. दोन पावसाळे झाले अन् कोणाच्या डोक्यात नाही आलं, माझ्या बी नाही, मी तर मागचं अख्खं साल याच कोर्टावर खेळलो अन् म्हणत राह्यलो का नवीन कोर्टावर लय चांगले शॉट जातात. जातीनच ना.

अन् थो रंगवलेला भाग, दादा, खाली पसरत गेलेलाच आहे. पेंटरले कोण्या जुन्या पुस्तकातलं चित्र देलं होतं म्हणे.

लंब्या तिथंच उभा होता. त्याले काही बोललो नाही पण त्याले समजलं. मंग त्यानं काय केलं, गावातल्या हॉलीबॉलच्या मैदानावर जाऊन झाडाच्या फांदीले टेपनं मोजून १० फुटावर खडूची खूण केली अन् उड्या मारत बसला. बोटं खुणेच्या तीनेक बोटं खाली राहतात. पंधरा-वीस वेळा मारल्या. मले वाईट वाटलं भाऊ खरं सांगतो.

सेमीफायनल मागं घेतो.


जुना_१३_नंबर

वाईट वाटून घेऊ नका. ६ फूट २ इंचाच्या पोराचा हात वर केल्यावर आठ फुटाच्या थोडं वर जातो, तिथून तो जवळपास पावणेदोन फूट उडतो आहे, हॉलीबॉलमधून आलेल्या, अजून शिकायला लागलेल्या पोरासाठी हे उत्तम आहे. रिंगला हात लावायचे पॉइंट मिळत नाहीत. हुकलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, पकडला की पॉइंट करायची संधी मिळते, आणि त्यासाठी तेवढी उडी पुरून उरते.

मला खरी काळजी लंब्याची नाहीच, सात नंबरची आहे. ऐका. खाली पसरलेला डी, म्हणजे तो रिंगखालचा रंगवलेला भाग, हा २०१० च्या आधीचा आराखडा. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, २०१० ला तो चौकोनी केला आणि त्याच वेळी थ्री पॉइंटची लाईन ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली. म्हणजे पेंटरनं जर त्याच पुस्तकातून लाईन काढली असेल तर तुमचा सात नंबर अर्धा मीटर आतून मारतो आहे, आणि तेही तीन इंच खालच्या रिंगवर. दहातले सहा-सात जाणारच. अमरावतीला किंवा कुठे हॉलमध्ये नेलं की तोच पोरगा दहातले दोन टाकेल आणि तुम्ही म्हणाल प्रेशरमध्ये आला. प्रेशर नाही हो. त्याचा हात खालच्या रिंगला लागलेला आहे. मागच्या वर्षी तुमचे फ्री थ्रो पुढच्या काठाला लागून परत आले ते ह्यानंच. हात तोच, रिंग वर. शॉट आखूड पडणार नाही तर काय.

म्हणून मी आधी टेप विचारली. घरच्या कोर्टावर पाहून बांधलेला अंदाज तेव्हाच खरा, जेव्हा ते कोर्ट खरं असेल.

अजून साधारण महिना हातात आहे ना? तर बोर्ड वर घ्या. खांब उखडायची गरज नाही, बोर्ड ज्या अँगलवर कसला आहे त्याला तीन इंच वर नवे होल पाडून परत कसायचा, वेल्डिंगवाल्याचं दोन तासाचं काम आहे. बोर्डचा खालचा काठ जमिनीपासून २.९० मीटरवर आला पाहिजे, तो आला की रिंग आपोआप ३.०५ वर येते, नाही आली तर रिंगच बोर्डवर चुकीच्या जागी लावली आहे असं समजा, तेही मी पाहिलेलं आहे. लाईन नव्यानं मारायला ऑईल पेंटचा एक डबा पुरतो. सरांना सांगा, सर नाही म्हणणार नाहीत. आणि पहिले आठ दिवस सगळ्यांचे शॉट हुकतील, पोरं म्हणतील आधीचंच बरं होतं. ऐकू नका.


मुलींच्या_टीमची_९_नंबर

इतक्या मोठ्या चर्चेत कोणाला आठवलं नाही की त्याच कोर्टावर मुलींची पण टीम खेळते. मी याच कॉलेजची आहे, रिबाउंडवाला दादा कोण आहे ते पण मला माहीत आहे, घाबरू नको दादा नाव नाही सांगत 😂

आम्ही सातला येतो, मुलं गेल्यावर. आम्ही आठ जणी आहोत आणि आठच्या आठ येतो कारण बस एकच आहे, ती चुकली की दिवस गेला, म्हणून कोणी चुकवत नाही. मागच्या वर्षी आम्ही पण दुसऱ्या राउंडपर्यंत गेलो होतो हे गावात कोणाला माहीतच नाही, कारण परत आलो तेव्हा बस स्टँडवर कोणी नव्हतं.

रिंगचं वाचून मला हसूच आलं, कारण आमचं उलटं आहे. आम्हाला बॉल कोणता मिळतो सांगू? मुलांचा, सात नंबरचा. मुलींचा सहा नंबरचा असतो, घेरात इंचभर लहान आणि हलका. तो आपल्याकडे आहे, एक आहे, कपाटात आहे, मॅचच्या दिवशी काढायचा म्हणून जपून ठेवलाय. मग आम्ही महिनाभर मोठ्या जड बॉलने मारायचं आणि मॅचमध्ये हातात अचानक लहान बॉल. मागच्या वर्षी पहिल्या पाच मिनिटात आमचा एकही शॉट रिंगला लागला नाही, सगळे बोर्डच्या वरून पलीकडे. आमची सेंटर म्हणाली अगं हा बॉल आहे की फुगा. खालची रिंग आणि जड बॉल, दोन्ही मिळून आमचा हात कुठे गेला असेल तुम्हीच पाहा, १३ नंबर काका तुम्ही गणित करून सांगा.

कास्तकार दादा, सोंगणीचा हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. आमच्या घरी कपाशी आहे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली की वेचणीला बायाच लागतात, म्हणजे आई, काकी आणि मी. मुलांची सोंगणी आठ-दहा दिवसात संपते, वेचणी दिवाळीनंतरही चालूच असते. तरी मागच्या वर्षी मी एक दिवस चुकवला नाही, सकाळी प्रॅक्टिस आणि दुपारून वावर. आईला आधी पटत नव्हतं. मी तिला नागपूरच्या सिया देवधरचा फोटो दाखवला, भारताच्या जर्सीतला, म्हटलं ही आपल्याच इकडची आहे. आई म्हणाली तिच्या घरी कपाशी आहे का. आता काय बोलणार 😄 पण त्यानंतर नाही म्हणाली नाही.

तर अंदाज. मुलांचं मला माहीत नाही. आमचा सांगते, रिंग नीट झाली आणि तो सहा नंबरचा बॉल कपाटाबाहेर आला तर आम्ही तिसऱ्या राउंडला जातो. लिहून ठेवा.


कबड्डीच_बरी

९ नंबर ताई तुमच्यावर पैसे लावतो. (पैसे मंजे एक प्लेट तर्री पोहे, जास्त नाही.)


कास्तकाराचा_पोरगा

ताई कपाशीचं चुकलं माह्यं, मानतो. आमच्या घरी बी मायच येचते, म्या फक्त गाठोडे उचलतो.

रिबाउंडवाले भाऊ, सोयाबीन कोनतं थे नाही सांगतलं तुमी अजून.


टेबलवरचा_माणूस

९ नंबर, बॉलचं तुम्ही लिहिलं ते मी किती वर्षं पाहतोय. मुलींच्या मॅचला वॉर्मअपमध्येच दिसतं, पहिले दहा शॉट लांब जातात. तुमच्या सरांना एवढंच सांगा की कपाटातला बॉल न वापरता पण खराब होतो, हवा जाते, रबर कडक होतं. जपायचा असेल तर वापरायचा. आणि मॅचच्या आधी बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडून पाहा, कमरेच्या आसपास आला पाहिजे, गुडघ्यापर्यंतच येत असेल तर हवा भरा.

आठ जणी आणि आठही जणी रोज येतात, हे वाचून मी माझा अंदाज बदलला. मुलं पहिला राउंड, मुली त्यांच्या पुढे.


रिबाउंडवाला_यवतमाळ

९ नंबर, मले बी समजलं तू कोण ते 😄 बस स्टँडवर कोणी नव्हतं थे खरं आहे, चूक झाली, यंदा मी येतो.

अपडेट देतो. सरांशी बोललो. सर दोन मिनिटं चूप राह्यले, मंग स्वतः स्टूलवर चढून मोजलं, मंग म्हणाले का मागच्या साली मी तुम्हाला फ्री थ्रोसाठी किती बोललो असेल रे. त्याच्यावर काय बोलाव. बॉलचं पण सांगतलं, कपाटाची चावी मुलींच्या कॅप्टनकडं देली, माझ्यासमोर देली. लाईन टेपनं मोजली, १३ नंबर दादांचं खरं निघालं, ६.२५. आता ६.७५ ची पांढऱ्या खडूनं आखून ठेवली, पेंट नंतर. सात नंबरनं नव्या लाईनवरून दहा मारले, तीन गेले. थो काही बोलला नाही, बॉल उचलून परत लाईनवर गेला. सूर्य डोक्यावर आला तरी तिथंच होता.

सोयाबीन: विचारलं. सहा एकर, ३३५. पेरणी २७ जून. मंजे कास्तकार भाऊ तुमच्या हिशोबानं ५ ऑक्टोबर. लंब्या म्हणते बापाले सांगून पाहतो पण त्याच्या तोंडावरूनच समजते का नाही जमणार. मी, सात नंबर अन् आणखी चार-पाच जण असं ठरवून राह्यलो का दोन दिवस आपणच त्याच्या वावरात जाऊ, तेवढ्यात जेवढं निघन तेवढं सोंगू, अन् त्याले मॅचले मोकळा करू. सोंगणी येत नाही आमच्यातल्या तिघाले, पण उचलाचं काम तर करू शकतो.

नवा अंदाज: मुलं एक राउंड, लंब्या आला तर दोन. मुली तीन.

वेल्डिंगवाला रविवारी सकाळी सातले येतो म्हणाला. बोर्ड जड आहे, खालून धराले सहा माणसं पायजे, चार झालो. अन् एक उंच शिडी पायजे, कॉलेजची आहे तिचे दोन डांडे तुटले. गावात कोणाकडं असन तर सांगा.


कास्तकाराचा_पोरगा

शिडी हाये आमच्याकडं. हीरीत सोडाची हाये, लोखंडी, लय लांब अन् जड हाये, पन चालन का? चालत असन तं रविवारी ट्रॅक्टरवर टाकून आनतो, म्या बी धरू लागतो, अन् मोटर काढाची हाये दुपारून म्हून अकरा वाजेपर्यंत सोडा मले.


मुलींच्या_टीमची_९_नंबर

आम्ही पण येतो धरायला. रविवारी आमची बस आठची आहे, तेवढा वेळ बोर्ड धरून ठेवा.